दोरी दहापट आखूड केली, मग चेंडू शंभरपट वेगाने का फिरला नाही?

गिरकी

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. कोनीय संवेगाची अक्षय्यता (फिरणाऱ्या वस्तूचा वस्तुमान × वेग × त्रिज्या हा गुणाकार कायम राहणं) आली की नेहमीचा प्रयोग असतो. पोकळ नळीतून दोरी ओवायची, वरच्या टोकाला चेंडू बांधायचा, नळी हातात उभी धरून चेंडू डोक्यावर आडवा फिरवायचा आणि खालचं टोक ओढायचं. दोरी आखूड होते, चेंडू भराभर फिरायला लागतो, मुलं खूश.

यंदा वर्गातल्या एका मुलीने आकडे मांडले. वस्तुमान × वेग × त्रिज्या कायम राहणार. त्रिज्या १ मीटरवरून १० सेंटिमीटरवर आणली तर वेग दहापट व्हायला हवा. घेरही दहावा हिस्साच उरला, म्हणून सेकंदाला होणारे फेरे शंभरपट. सुरुवातीला सेकंदाला १ फेरा असेल तर शेवटी सेकंदाला १००, म्हणजे मिनिटाला ६०००. तिने विचारलं, "बाई, चेंडू याच्या जवळपासही जात नाही. मग नियम खरा कसा?"

"घर्षणामुळे" एवढंच सांगून मला तिला गप्प करायचं नाही. घर्षण जर शंभरातले ऐंशी-नव्वद फेरे खात असेल तर ते एवढं मोठं आहे हे आकड्यांत दाखवता आलं पाहिजे. नाहीतर घर्षणाच्या नावावर काहीही खपवता येईल.

दोन प्रश्न आहेत. एक, ही तफावत नेमकी कुठून येते? दोन, वेग दहापट झाला तर गतिज ऊर्जा शंभरपट होते. ती ऊर्जा कुठून आली?

कोरा कागद

मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. वाचतोय.

लंबक

गिरकीताई, प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर खरोखर आकड्यांत देता येतं. चेंडू ५० ग्रॅमचा धरू.

१ मीटर त्रिज्या आणि सेकंदाला १ फेरा, म्हणजे वेग ६.२८ मीटर प्रतिसेकंद. दोरीतला ताण साधारण २ न्यूटन येतो. २०० ग्रॅमचं वजन हातात लटकवल्यावर जेवढं जाणवतं तेवढा.

आता १० सेंटिमीटरला नियमाप्रमाणे वेग ६२.८ मीटर प्रतिसेकंद. ताण म्हणजे वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या. वेगाच्या वर्गामुळे शंभरपट, त्रिज्या दहावा हिस्सा झाल्यामुळे आणखी दहापट. एकूण हजारपट, म्हणजे सुमारे २००० न्यूटन. २०० ग्रॅमचे २०० किलो झाले!

म्हणजे शेवटच्या टप्प्यात त्या दोरीला २०० किलो वजन लटकवावं लागेल. हाताने ओढून हे होणारच नाही. कोनीय संवेग (पुढे नुसता संवेग म्हणतो) कायम असताना ताण त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, ही गोष्ट शिकवताना सहसा राहून जाते. मुलांनी दोरी खरंच १० सेंटिमीटरपर्यंत ओढली असेल, तर संवेगाचा मोठा भाग आधीच गळालेला होता म्हणूनच ते जमलं.

तो गळला कुठे? मला तीन वाटा दिसतात.

हवा: चेंडूचा व्यास ४ सेंटिमीटर धरला तर ६२.८ च्या वेगाला हवेचा विरोध साधारण १.४ न्यूटन येतो. त्याचा टॉर्क (फिरवण्याचा जोर, म्हणजे बल × त्रिज्या) ०.१४ न्यूटन-मीटर. चेंडूचा एकूण कोनीय संवेग आहे ०.३१. म्हणजे त्या वेगाला एका सेकंदात जवळजवळ निम्मा संवेग हवाच घेऊन जाईल.

नळीचा काठ: दोरी काठावर नव्वद अंशांत वळते आणि त्यावरून गोल घासत फिरते. काठाची त्रिज्या ३ मिलिमीटर आणि घर्षण गुणांक ०.२ धरा. २००० न्यूटन ताणाला काठावरचा टॉर्क १.२ न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. या हिशेबाने सगळा संवेग पाव सेकंदात संपतो. काठ तीनच मिलिमीटरचा असतो, पण दोरीतला ताण प्रचंड असल्यामुळे तो हवेला मागे टाकतो.

हात: चेंडू फिरवायला सुरुवात करताना आपण नळी जराशी गोल हलवतो, तोच बाहेरचा टॉर्क. पुढेही हात स्थिर राहत नाही. कधी तो संवेग देतो, कधी काढून घेतो.

तेव्हा नियम खोटा ठरत नाही. "बाहेरचा टॉर्क शून्य" ही त्याची अट आहे आणि त्रिज्या जितकी लहान होते तितकी ती अट जास्त मोडते.

सप्तर्षी

लंबक, आकडेमोड पटली. पण त्या मुलीच्या जागी मी असतो तर पुढे विचारलं असतं, की अट कधीच पाळली जात नसेल तर नियम तपासायचा कसा? "आदर्श परिस्थितीत खरा आहे" म्हणणं आणि "मी म्हणतो म्हणून खरा आहे" म्हणणं यांत विद्यार्थ्याला काय फरक दिसणार?

लंबक

अट कमी मोडेल अशा टप्प्यात तपासायचा. दहापट आखूड करू नका, निम्मीच करा. १ मीटरवरून ५० सेंटिमीटर. ताण फक्त आठपट होतो, २ वरून १६ न्यूटन. ओढायला पाव-अर्धा सेकंद घेतला तर हवा साधारण दोन-तीन टक्के संवेग खाईल, काठ त्याहूनही कमी. अपेक्षा चारपट फेऱ्यांची, हाती ३.९ च्या जवळपास यायला हवं. तीन-चार सेकंद लावत सावकाश ओढलंत तर हवेला वेळ मिळतो आणि आकडा बराच खाली येईल. हा फरकच पुरावा आहे, कारण नियम चुकीचा असता तर झटकन ओढून किंवा सावकाश ओढून आकडा बदलायचं कारण नव्हतं.

सप्तर्षी

हे मान्य. "सावकाश ओढल्यावर किती कमी येईल" हे आधी लिहून ठेवायचं आणि मग करून बघायचं, ही पद्धत मला आवडली.

मी आकाशातलं एक उदाहरण देतो. तिथे नळीचा काठ नाही आणि हवा नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हा अंतर १४.७१ कोटी किलोमीटर आणि वेग सेकंदाला ३०.२९ किलोमीटर. सर्वांत लांब असते तेव्हा १५.२१ कोटी आणि २९.२९. दोन्ही गुणाकार करून बघा. ४४५.६ आणि ४४५.५, आकडे पूर्णांकित केल्यामुळे तेवढाच फरक राहतो.

हॅलेचा धूमकेतू तर तुमच्या दहापटीलाही मागे टाकतो. सूर्याजवळ अंतर ८.८ कोटी किलोमीटर, सर्वांत लांब सुमारे ५२५ कोटी. प्रमाण एकास साठ. जवळ वेग सेकंदाला ५४.५ किलोमीटर, लांब ०.९. तेही एकास साठच. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०९ मध्ये नियम मांडला, की सूर्य आणि ग्रह जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते. तो याच अक्षय्यतेचं रूप आहे. त्याने तो मंगळाच्या निरीक्षणांवरून काढला, टॉर्क वगैरे कल्पना रुजण्याच्या कितीतरी आधी.

गिरकी

@सप्तर्षी, हॅलेचे आकडे उद्याच फळ्यावर जाणार! एकास साठ हे मी कधी मांडून पाहिलं नव्हतं.

@लंबक, २०० ग्रॅमचे २०० किलो हे वाचून मी वहीत पुन्हा करून पाहिलं, तसंच येतं. दुसऱ्या प्रश्नाचं कोणी सांगाल का?

पदन्यास

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी शरीराच्या बाजूने सांगते. मी बरीच वर्षं नाचते आणि गिरक्या हा माझ्या सरावाचा रोजचा भाग आहे. हात पसरून गिरकी सुरू केली आणि मग छातीशी ओढून घेतले की वेग वाढतो हे सगळ्यांना माहीत असतं. हात आत ओढायला खरोखर जोर लावावा लागतो, हे बघणाऱ्याला कळत नाही. हात बाहेर खेचले जात असतात. वेगात असताना तर खांद्याच्या मागचे आणि छातीचे स्नायू स्पष्ट जाणवतात. गिरकी थांबवताना उलट होतं. हात सैल सोडले तरी आपोआप बाहेर जातात आणि वेग उतरतो.

ऊर्जा कुठून येते म्हणाल तर ती स्नायूंतून येते, मला यात शंका नाही.

लंबक

पदन्यास, अगदी बरोबर. जडत्व आघूर्ण (वस्तुमान अक्षापासून किती लांब पसरलंय याचं माप) निम्मं झालं तर फेरे दुप्पट, आणि गतिज ऊर्जाही दुप्पट. वाढलेली सगळी ऊर्जा हात आत ओढण्याच्या कामातून येते.

शाईदौत

थांबा, मला इथे अडचण आहे. वर्तुळाकार गतीत केंद्राकडचं बल वेगाला काटकोनात असतं, म्हणून ते कार्य करत नाही, असं आम्ही शिकलो. मग दोरी ओढून ऊर्जा कशी वाढते? दोरी तर नेहमी केंद्राकडेच ओढते.

लंबक

शाईदौत, दोरी ओढत असताना मार्ग वर्तुळ नसतो. चेंडू आत सरकत सरकत सर्पिल मार्गाने जातो. त्याच्या वेगाचा एक छोटा भाग केंद्राच्या दिशेने असतो आणि दोरीचं बलही त्याच दिशेने. दोघांचा गुणाकार शून्य नाही, म्हणून कार्य होतं. ओढायचं थांबलात की पुन्हा वर्तुळ आणि कार्य शून्य.

वरच्या उदाहरणात सुरुवातीची ऊर्जा सुमारे १ ज्यूल, शेवटची सुमारे ९९. दोरी १ मीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत ओढताना वाढत्या ताणाचं कार्य इंटिग्रेशन करून काढा. नेमकं तेवढंच येतं, ९८ ज्यूलच्या आसपास. गिरकीताई, हे इंटिग्रेशन बारावीच्या मुलांना जमेल, जरूर करून घ्या.

शाईदौत

सर्पिल! समजलं. धन्यवाद.

लेथवाला

मी कारखान्यात यंत्रांवर काम करणारा माणूस आहे, पुस्तकातलं फार माहीत नाही, पण फिरणाऱ्या वस्तू रोज बघतो. एक शंका. दोरीला बांधलेला चेंडू खांबाभोवती फिरवला की दोरी खांबाला गुंडाळत जाते. तिथेही दोरी आखूड होते आणि फेरे वाढतात. पण तिथे तर कोणी ओढत नाही. मग त्याला ऊर्जा कोण देतं?

लंबक

लेथवाला, हा प्रश्न नळीच्या प्रयोगाचा सख्खा भाऊ दिसतो, पण उत्तर पूर्ण उलट आहे.

खांबाला गुंडाळताना कोणी ओढत नाही, म्हणून ऊर्जा वाढत नाही आणि चेंडूचा वेग वाढतच नाही. ६ मीटर प्रतिसेकंद असेल तर शेवटपर्यंत (हवा सोडून) ६ च राहतो. फेरे वाढलेले दिसतात ते फक्त वर्तुळ लहान झाल्यामुळे.

मग संवेगाचं काय? वेग तोच, त्रिज्या कमी, म्हणजे कोनीय संवेग कमी झाला. इथे तो कायम राहतच नाही. कारण दोरी खांबाच्या मध्याकडे जात नाही, ती खांबाच्या पृष्ठभागाला स्पर्शून जाते. त्यामुळे तिचं बल मध्याच्या जरा बाजूने जातं आणि मध्याभोवती टॉर्क तयार होतो. तेवढाच उलट टॉर्क खांबावर येतो आणि खांबातून जमिनीत, म्हणजे पृथ्वीत जातो.

एकीकडे ऊर्जा कायम आणि संवेग बदलतो, दुसरीकडे संवेग कायम आणि ऊर्जा बदलते. दोन्हीकडे दोरी आखूडच होते. "आखूड झाली म्हणजे संवेग कायम" असं घोकलेला विद्यार्थी इथे हमखास अडकतो.

लेथवाला

वा! म्हणजे आधी बघायचं की खेच नेमकी मध्यातून जाते की बाजूने. हे आम्हाला लगेच कळतं. पान्याचा दांडा जेवढा लांब तेवढं काम सोपं.

गिरकी

लेथवाला, तुमच्या प्रश्नाने माझ्या दोन तासिकांचा आराखडा बदलला. नळी आणि खांब दोन्ही प्रयोग एकामागोमाग दाखवेन आणि आधी मुलांनाच विचारेन की कुठे काय कायम राहील.

चाकोरी

याच नियमामुळे सायकल उभी राहते ना? चाकं फिरतात, त्यांचा संवेग दिशा सोडत नाही, म्हणून सायकल पडत नाही.

सप्तर्षी

हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण पूर्ण खरं नाही. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स यांनी सायकलला उलट दिशेने फिरणारं एक जादा चाक जोडून पाहिलं. पुढच्या चाकाचा संवेग त्याने रद्द झाला, तरी सायकल व्यवस्थित चालवता आली. पुढे २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी तर अशी सायकल बनवली जिच्यात चाकांच्या संवेगाचा परिणाम जवळजवळ शून्य होता, शिवाय पुढचं चाक हँडलच्या अक्षाच्या रेषेमागे जमिनीला टेकतं ही नेहमीची मांडणीही नव्हती. धक्का देऊन सोडल्यावर तीही स्वतःला सावरत गेली. सायकल पडायला लागली की ती त्याच बाजूला वळते आणि पुन्हा स्वतःच्या खाली येते, हे मुख्य. चाकांचा संवेग त्या वळण्याला मदत करतो, पण एकटा श्रेय घेऊ शकत नाही.

चाकोरी

इतकी वर्षं मी हेच सगळ्यांना सांगत होतो. आता सगळ्यांना परत गाठावं लागणार. :)

मांजरपाट

अवांतर: मांजर उलटं पडलं तरी पायांवर कसं उतरतं? हवेत असताना बाहेरून टॉर्क नाही. सुरुवातीला ते फिरतही नसतं. मग वळतं कुठून? शेपटी फिरवून ना?

पदन्यास

शेपटीने थोडी मदत होत असेल, पण बिनशेपटीची मांजरंही पायांवर उतरतात.

सप्तर्षी

अवांतर नाही, धाग्याच्या मध्यावरचा प्रश्न आहे. १८९४ मध्ये एतियेन-ज्यूल मारे यांनी पडत्या मांजराची ओळीने छायाचित्रं घेतली, तेव्हा शास्त्रज्ञांतही चर्चा झाली. मांजर सोडणाऱ्याच्या हाताला रेटा देऊन वळत असेल असं काहींना वाटत होतं. छायाचित्रांत दिसलं की सुरुवातीला ते अजिबात फिरत नव्हतं.

युक्ती कमरेत आहे. मांजर कमरेत वाकतं, त्यामुळे पुढचं अर्ध आणि मागचं अर्ध यांचे अक्ष वेगळे होतात. दोन्ही अर्धी आपापल्या अक्षाभोवती वळतात आणि त्यातून येणारा संवेग संपूर्ण शरीराच्या उलट वळण्याने भरून निघतो. प्रत्येक क्षणी बेरीज शून्य. शेवटी शरीर सरळ होतं तेव्हा ते १८० अंशांत वळलेलं असतं. १९६९ मध्ये केन आणि शेर यांनी दोन जोडलेल्या दंडगोलांचं गणित करून हे दाखवलं.

संवेग शून्य असला तर वस्तू वळूच शकत नाही, असं आपण गृहीत धरतो. घट्ट वस्तूला ते लागू आहे. आकार बदलू शकणाऱ्या वस्तूला नाही.

मांजरपाट

भारी! कोणीही आपल्या मांजरावर प्रयोग करू नये ही कळकळीची विनंती.

अवकाशवेडा

उशिरा आलो, पण हा माझा आवडता विषय आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

अवकाशयानाला टेकायला काहीच नाही. दुर्बीण एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे वळवायची तर काय करायचं? आत मोटरवर फिरणारी चाकं बसवतात. चाक एका दिशेने जोरात फिरवलं की यान उलट दिशेने हळूहळू वळतं. एकूण संवेग तोच. इंधनाचा थेंबही लागत नाही, सौर पॅनेलची वीज पुरते. हबल दुर्बीण अशीच वळते.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात याच कामाला चार मोठी चाकं आहेत. प्रत्येक ९८ किलोचं, मिनिटाला ६६०० फेरे. त्यांचा वेग कायम ठेवून अक्ष कलवतात आणि त्यातून टॉर्क मिळतो.

अडचण एकच, की बाहेरचे बारीक टॉर्क कधी थांबत नाहीत. सूर्यप्रकाशाचा दाब असतो, वातावरणाचा उरलासुरला विरोध असतो, पृथ्वीची जवळच्या टोकावर थोडी जास्त ओढ असते. ते सगळं चाकात साठत जातं. चाकाची मर्यादा आली की साठलेला संवेग बाहेर टाकावा लागतो. त्यासाठी छोटे रॉकेट वापरतात, किंवा हबलसारखे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रेटणारे विद्युतचुंबक.

केप्लर दुर्बीण २००९ मध्ये चार चाकं घेऊन गेली. नेमकं रोखायला किमान तीन लागतात. २०१२ मध्ये एक बंद पडलं, मे २०१३ मध्ये दुसरं. सगळ्यांना वाटलं, मोहीम संपली. मग अभियंत्यांनी यान असं धरलं की सूर्यप्रकाशाचा दाब त्याच्या दोन्ही बाजूंना समतोल पडेल. ज्या दाबाशी एरवी झगडावं लागतं, त्याच्यावरच तिसऱ्या चाकाची उणीव भागवली. २०१४ पासून २०१८ पर्यंत दुर्बीण नव्या रूपात काम करत राहिली. हे मला आजही विलक्षण वाटतं.

आणि एक्स्प्लोरर-१. अमेरिकेचा पहिला उपग्रह, १९५८. दोन मीटर लांब, वितीपेक्षा थोडा कमी जाड, पेन्सिलीसारखा. तो लांब अक्षाभोवती फिरत राहावा अशी योजना होती. थोड्याच वेळात तो आडवा होऊन गोते खात फिरायला लागला! बाहेरचा टॉर्क नगण्य, संवेग तोच. पण त्याला चार लवचिक अँटेना होत्या. त्या वाकत, सरळ होत आणि थोडी थोडी ऊर्जा उष्णतेत जात राहिली. संवेग घट्ट बांधलेला आणि ऊर्जा गळतेय, अशा वेळी वस्तू सर्वांत कमी ऊर्जेच्या फिरण्याकडे जाते. तेवढ्याच संवेगाला सर्वांत कमी ऊर्जा लागते ती जडत्व आघूर्ण सर्वांत मोठं असलेल्या अक्षाभोवती, म्हणजे पेन्सिल आडवी फिरते तेव्हा.

लंबक

अवकाशवेडा, एक्स्प्लोररचं उदाहरण इथे फार चपखल बसलं. नळीत संवेग कायम आणि ऊर्जा वाढली. खांबावर ऊर्जा कायम आणि संवेग गेला. इथे संवेग कायम आणि ऊर्जा घटली. ऊर्जा आणि संवेग या दोन वेगळ्या राशी आहेत, दोघींच्या अटी वेगळ्या, हे विद्यार्थ्यांना यातून लख्ख दिसेल.

कोरा कागद

चंद्राबद्दल कोणी बोललंच नाही. तो आपल्यापासून लांब चाललाय तो याच कारणाने ना?

सप्तर्षी

होय. दरवर्षी ३.८ सेंटिमीटर. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर आरसे ठेवले, त्यांच्यावर लेझर सोडून हे अंतर मोजता येतं. चंद्रामुळे समुद्राला भरती येते आणि पृथ्वी जोरात फिरत असल्यामुळे भरतीचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो. चंद्र त्या फुगवट्याला मागे खेचतो, फुगवटा चंद्राला पुढे खेचतो. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं मंदावतं आणि तिचा तेवढाच संवेग चंद्राच्या कक्षेत जमा होतो. १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या (सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या) प्रवाळांवरच्या रोजच्या वाढीच्या रेषा मोजल्या. वर्षाला सुमारे ४०० आल्या. तेव्हा वर्षात सुमारे ४०० दिवस होते, म्हणजे दिवस २२ तासांच्या आसपासचा.

इथेही संवेग जपला जातो आणि ऊर्जा घटते. ती समुद्रातल्या घर्षणातून उष्णता होऊन जाते.

शाईदौत

पृथ्वीचं फिरणं वाऱ्यामुळेही बदलतं असं वाचलं होतं. खरं आहे का?

सप्तर्षी

खरं आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे वारे जोरात असले की वातावरणाचा संवेग वाढतो आणि घन पृथ्वीचा तेवढा कमी होतो. वर्षभरात दिवसाची लांबी यामुळे साधारण एखाद्या मिलिसेकंदाने कमीजास्त होत राहते. वाऱ्यांच्या मोजमापांवरून काढलेला संवेग आणि घड्याळांवरून मोजलेली दिवसाची लांबी हे दोन आलेख सुंदर जुळतात.

चाकोरी

आणि बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात एका दिशेने, दक्षिणेत दुसऱ्या दिशेने फिरतं ते?

लंबक

नेहमीच्या बेसिनमध्ये नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम तिथे इतका बारीक असतो की पाणी भरतानाचा झोत, भांड्याचा आकार, बूच काढणारा हात यांनी दिलेलं फिरणं त्याला सहज झाकून टाकतं. १९६२ मध्ये आशर शापिरो यांनी मोठ्या गोल टाकीत पाणी दिवसभर निवांत ठेवून अगदी हळू सोडलं, तेव्हा कुठे तो परिणाम दिसला. भोवरा तयार होतो तो मात्र तुमच्या नळी-दोरीसारखाच. पाणी भोकाकडे सरकतं तसं त्यातलं थोडंसं फिरणंही वाढत जातं.

पाऊलखूण

धागा वाचनखुणेत साठवला. मला यात सर्वांत खोल वाटतं ते गणितज्ञ एमी नोदर यांचं काम. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रमेयाप्रमाणे अवकाशात कुठलीही दिशा खास नसणं आणि कोनीय संवेग अक्षय्य असणं ही एकच गोष्ट आहे. प्रयोगाची मांडणी आख्खी वळवून ठेवली तरी निकाल बदलत नाही, एवढ्यावरून संपूर्ण नियम मिळतो. बारावीला गणित दाखवता येणार नाही, पण हे विधान जरूर सांगा.

गिरकी

सगळ्यांचे मनापासून आभार. वर्गात प्रयोग करून पाहिला, म्हणून लगेच लिहिते.

नळीचं तोंड बारीक पॉलिश पेपरने घासून गोल केलं. दोरीऐवजी नायलॉनचा दोरा घेतला, तो काठावरून कमी घासतो. चेंडू रबरी घेतला आणि सगळ्यांना डोळ्यांवर चष्मे लावले, कारण दोरा तुटला तर चेंडू कुठे जाईल सांगता येत नाही. दोऱ्यावर शाईने दोन खुणा केल्या, एक १ मीटरची, एक ५० सेंटिमीटरची. मोबाइलवर स्लो मोशन चित्रण केलं आणि फ्रेम मोजून फेऱ्याचा वेळ काढला. "सावकाश ओढल्यावर किती" याचा अंदाज मुलांनी आधीच फळ्यावर लिहिला होता.

झटकन ओढल्यावर फेरे साधारण पावणेचारपट झाले. तीन-चार सेकंद घेऊन सावकाश ओढल्यावर सव्वातीनच्या आसपास. मुलांचा अंदाज सव्वातीन ते साडेतीन होता! प्रश्न विचारणारी मुलगी त्या वेळी फळ्यापाशीच उभी होती. तिने लगेच पुढचं विचारलं, "हवेने किती खाल्लं आणि काठाने किती, हे वेगळं करता येईल का?"

येईल का?

लंबक

पावणेचार म्हणजे उत्तम. अपेक्षेपेक्षा थोडं कमी आलंय ते बहुधा दोऱ्यावरच्या हवेमुळे, मी फक्त चेंडू धरला होता. शिवाय चेंडूच्या वजनामुळे दोरा आडवा नसून थोडा कललेला असतो.

वेगळं करता येईल. ओढूच नका. त्रिज्या ५० सेंटिमीटरवर कायम ठेवा, नळी स्टँडला घट्ट बांधा म्हणजे हाताचा वाटा जाईल, आणि चेंडू आपोआप मंदावताना चित्रण करा. मग चेंडूचा आकार तोच ठेवून वजन दुप्पट करा. त्याच वेगाला हवेचा टॉर्क बदलणार नाही, पण ताण दुप्पट झाल्यामुळे काठाचा टॉर्क दुप्पट होईल. दोन्ही वेळा संवेग किती झपाट्याने घटतो ते काढलं की वजाबाकीतून काठाचा वाटा मिळेल.

लेथवाला

स्टँडला बांधताना नळीच्या तोंडात छोटं बेअरिंग बसवून बघा. दोरा बेअरिंगच्या आतल्या कड्यातून काढला की काठच दोऱ्याबरोबर फिरेल, घासणं जवळजवळ जाईल. बेअरिंग लावून आणि न लावून, असं दोनदा मोजलं तरी काठाचा वाटा सरळ मिळेल.

गिरकी

बेअरिंग! हे सर्वांत सोपं. खालच्या टोकाला स्प्रिंगचा काटाही लावते, म्हणजे ५० सेंटिमीटरला ताण आठपट होतो का तेही त्याच वेळी दिसेल.

लंबक

५० ग्रॅमचा चेंडू आणि सेकंदाला एका फेऱ्याने सुरुवात असेल तर काटा आधी २०० ग्रॅमच्या आसपास दाखवेल. झटकन ओढून थांबल्यावर तो दीड किलोच्या आसपास जायला हवा.